दोनदा लिहिलेलं अक्षर

अमेरिकेत राहायचं म्हटलं की स्पॅनिश भाषा काही आपला पिच्छा सोडत नाही. शाळेतून मुलांच्या दप्तरात येणाऱ्या पत्रकाची मागची बाजू स्पॅनिश, औषधाच्या बाटलीवरची सूचना स्पॅनिश, फोनवर 'दोन दाबा' सांगणारी बाई स्पॅनिश. त्यात घरातल्या एखाद्या मुलाने शाळेत हीच भाषा निवडली असेल, तर जेवणाच्या टेबलावर क्रियापदं चालवून घेण्याचं काम आईबाबांकडे येतंच. अशा वेळी स्पॅनिश वर्तमानपत्राच्या मथळ्यात एक चमत्कारिक प्रकार दिसतो. ज्या देशात आपण राहतो त्याचं नाव तिथे 'ईई. यूयू.' असं छापलेलं असतं. ई दोनदा, टिंब, मग यू दोनदा, टिंब. (अक्षरांची नावं मी या लेखात आपल्या सवयीप्रमाणे इंग्रजी पद्धतीनेच लिहितो आहे.)

पूर्ण नाव आहे 'एस्तादोस उनिदोस'. म्हणजे ई आणि यू एकेकदाच यायला हवेत. मग दोनदा का? तर 'एस्तादो' म्हणजे एक राज्य आणि 'एस्तादोस' म्हणजे अनेक राज्यं. संक्षेप करताना शेवटचा 'स' गळून जातो, आणि त्याच्याबरोबर अनेकवचनही गळून जाईल. ते जाऊ नये म्हणून अक्षरच दोनदा लिहायचं. विशेषण नामाच्या वचनाप्रमाणे चालतं, तेव्हा 'उनिदोस'चा यूही दोनदा. वाचताना मात्र कोणी 'ई-ई-यू-यू' म्हणत नाही, तोंडाने पूर्ण 'एस्तादोस उनिदोस'च म्हणायचं. आपण 'कै.' लिहितो आणि 'कैलासवासी' वाचतो, तसंच.

स्पेनच्या राजभाषा अकादमीने (स्थापना १७१३) आणि लॅटिन अमेरिकेतल्या तिच्या भगिनी अकादम्यांनी मिळून २००५ साली भाषिक शंकांचा एक जाडजूड कोश काढला, त्यात हा नियम स्वच्छ दिलेला आहे. संक्षेप एकाच अक्षराचा असेल तर ते अक्षर दुप्पट करा, आणि प्रत्येक जोडीनंतर टिंब द्या. एक पान 'पी.', अनेक पानं 'पीपी.' संक्षेपात जास्त अक्षरं शिल्लक असतील तर नेहमीसारखा 'स' किंवा 'एस' जोडा. ऑलिंपिक सामने म्हणजे 'हुएगोस ओलिंपिकोस', म्हणून १९६८ चे मेक्सिकोचे काय किंवा १९९२ चे बार्सिलोनाचे काय, दोन्ही 'जेजे. ओओ.' स्पेनमधले स्वायत्त प्रांत सतरा, ते सगळे मिळून 'सीसी. एए.' मला सगळ्यात गंमत वाटते ती रेल्वेची. 'फेरोकार्रिल' हा तसा एकच शब्द, पण लोखंड आणि मार्ग या दोन शब्दांपासून बनलेला, म्हणजे थेट आपला 'लोहमार्ग'. त्याचा संक्षेप 'एफ. सी.' आणि अनेकवचनी 'एफएफ. सीसी.' याच न्यायाने आपण 'लो. मा.' लिहीत असतो तर मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून 'लोलो. मामा.' झालं असतं!

ही युक्ती स्पॅनिश लोकांची स्वतःची नाही. ती वडिलोपार्जित आहे, लॅटिनकडून आलेली. आणि तिचा इतिहास व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा रोमच्या शिळांवर आणि नाण्यांवर जास्त चांगला वाचता येतो.

दगडावर छिन्नीने अक्षरं कोरायची म्हणजे वेळ, पैसा आणि जागा, तिन्हीचा खर्च. त्यामुळे रोमन लोक संक्षेपाच्या बाबतीत फार पुढे गेलेले होते. सम्राटाची पदवी 'ऑगस्टस', तिचं छोटं रूप 'एव्हीजी'. (त्या काळी यू आणि व्ही एकाच अक्षराने लिहीत.) सम्राट एकच होता तोवर सगळं ठीक चाललं. पण इ. स. १६१ मध्ये मार्कस ऑरेलियसने ल्युसियस व्हेरसला बरोबरीचा सम्राट केलं आणि रोमला पहिल्यांदाच एकाच वेळी दोन ऑगस्टस लाभले. मग एक जी पुरेना. दोन सम्राटांसाठी 'एव्हीजीजी' आणि पुढे तीन झाले तेव्हा 'एव्हीजीजीजी'. जितके सम्राट तितके जी. 'आमचे स्वामी' यासाठी दोन डी आणि दोन एन, स्वामी तीन असतील तर तीन-तीन.

ही तीन जींची वेळ सेप्टिमियस सेव्हेरसच्या घरात आली. त्याने आधी थोरला मुलगा काराकाला याला सहसम्राट केलं आणि २०९ मध्ये धाकट्या गेटालाही तीच पदवी दिली. बाप आणि दोन मुलगे, तिघेही ऑगस्टस. साम्राज्यभर शिलालेखांत तीन जी कोरले गेले. २११ च्या फेब्रुवारीत सेव्हेरस ब्रिटनमध्ये, आज ज्याला यॉर्क म्हणतात तिथे, वारला. भावाभावांचं पहिल्यापासून पटत नव्हतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काराकालाने गेटाचा खून करवला, तोही आईच्या समोर, तिच्या कुशीत. नंतर हुकूम सुटला की गेटाचं नाव कुठेही उरता कामा नये. माणसं छिन्नी-हातोडे घेऊन निघाली. रोमच्या फोरममध्ये सेव्हेरसची जी भव्य कमान आहे, तिच्यावरची गेटाचं नाव असलेली ओळ खोडून तिथे दुसराच मजकूर बसवलेला आजही ओळखू येतो. पण दूरच्या प्रांतांतल्या साध्या शिलालेखांत काय करायचं? तिथे कित्येक ठिकाणी गेटाचं नाव वेगळं नव्हतंच, होते फक्त तीन जी. तर त्या कारागिरांनी तिसरा जी तासून काढला. अशा शिळा सापडतात, 'एव्हीजीजी' आणि पुढे खरवडलेला खळगा. एका माणसाला इतिहासातून पुसायचं म्हणजे व्याकरणात एक अनेकवचन दुरुस्त करायचं, इतकं ते सोपं होऊन बसलं होतं. आणि तो खळगाच आज आपल्याला सांगतो की इथे तिसरा कोणी होता.

याच्या उलट उदाहरण करॉसियसचं. (इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळींना हा माणूस संग्रहालयातल्या नाण्यांच्या कपाटात भेटला असेल.) हा इंग्लिश खाडीतल्या रोमन आरमाराचा सरदार. काम चाच्यांचा बंदोबस्त करायचं, पण त्याच्यावर आरोप असा आला की हा चाच्यांना लुटून परत येताना पकडतो आणि लूट स्वतःच ठेवतो. सम्राट मॅक्सिमियनने त्याला ठार मारण्याचा हुकूम काढला. करॉसियसने तो हुकूम पोचेपर्यंत वाट बघितली नाही. २८६ च्या सुमारास त्याने ब्रिटन आणि समोरच्या गॉलचा किनारा ताब्यात घेतला आणि स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं.

रोमचे खरे सम्राट तेव्हा दोन होते, डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन. त्यांच्या टाकसाळीतली नाणी अर्थातच दोन जींची. करॉसियसने आपल्या नाण्यांवर 'शांती' हा शब्द आणि त्यापुढे तीन जी पाडले. 'तीन सम्राटांची शांती'! एका नाण्यावर तर तिघांचे चेहरे एकापुढे एक आहेत आणि 'करॉसियस आणि त्याचे भाऊ' असा लेख आहे. समोरच्या दोघांना या भावाचा पत्ताच नव्हता म्हणा, किंवा होता म्हणूनच ते त्याच्यावर जहाजं बांधत होते. त्यांनी आपल्या नाण्यांवर तिसरा जी कधीच येऊ दिला नाही. म्हणजे या काळात रोमन जगात दोन हिशेब चालू होते, समुद्राच्या एका बाजूला तीन जी आणि दुसऱ्या बाजूला दोन. २९३ मध्ये कॉन्स्टॅन्शियसने बुलोन बंदर जिंकलं, करॉसियसला त्याच्याच अॅलेक्टस नावाच्या अधिकाऱ्याने मारलं, आणि २९६ पर्यंत ब्रिटन परत साम्राज्यात गेलं. एका अक्षराच्या जोरावर बरोबरी सांगायचा इतका धीट प्रयत्न मला दुसरा माहीत नाही.

रोमन साम्राज्य गेलं, पण लिखाण करणारे मठातले लोक राहिले आणि त्यांच्याबरोबर ही सवयही राहिली. हस्तलिखिताचं एमएस आणि अनेक हस्तलिखितांचं एमएसएस, पानांचे दोन पी, 'पुढची पानं' सांगणारे दोन एफ, हे सगळं इंग्रजीतही टिकलं. अमेरिकेत पीटर आणि पॉल या दोन संतांच्या नावाची चर्चेस गावोगावी आहेत, त्यांच्या पाटीवर पुष्कळदा सुरुवातीला दोन एस असतात. ते जहाजाचे नव्हेत, दोन संतांचे.

आणि आपल्या मराठी घरात तर ही लॅटिन युक्ती दीडशे वर्षं दारावरच्या पाटीवर लटकते आहे, पण आपलं लक्ष जात नाही. बी. ए., एल्एल. बी.! कधी विचार केलात का, की बी एक, ए एक, मग एल दोन कशाला? लॅटिनमध्ये 'लेगुम' म्हणजे 'कायद्यांचा', षष्ठीचं अनेकवचन. कायदे अनेक म्हणून एल दोन. टिळक एल्एल. बी. होते, आणि कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जी सन्मानाची पदवी दिली ती एल्एल. डी., कायद्यांचे डॉक्टर. आता कोणी म्हणेल, आर्ट्समधल्या कलाही अनेकच आहेत, मग बी. ए.चा ए एकटा का? तर त्याला उत्तर नाही. भाषा वकिलांना झुकतं माप देते, असं म्हणून सोडून द्यावं.

मराठीने मात्र ही पद्धत घेतली नाही. आपलं 'पृ.' एका पानालाही चालतं आणि चाळीस पानांनाही. अनेक माणसांची नावं यायची असतील तर आपण 'सर्वश्री' म्हणून एकदाच काम उरकतो. उलट जुन्या पत्रांच्या मायन्यात 'रा. रा.' असे दोन रा दिसतात, ते पाहून एखाद्या स्पॅनिश माणसाला वाटेल की पत्र दोन राजांना लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ते एकाच गृहस्थाचे 'राजमान्य राजश्री'. अक्षर दुप्पट करण्याऐवजी आपल्याकडे आकडा घालायची एक सोय होती. जुन्या पुस्तकांत आणि पत्रांत 'हळू २' असं लिहिलेलं सापडतं आणि ते 'हळूहळू' वाचायचं असतं. इंडोनेशियात शब्द दोनदा उच्चारून अनेकवचन करतात आणि तिथेही लोक शब्दापुढे हाच २ लिहीत असत. १९७२ च्या शुद्धलेखन सुधारणेत सरकारने तो बंद केला.

परत स्पॅनिशकडे येऊ. तिथल्या इतिहासात या जोडअक्षरांना मोठा मान आहे. कोलंबसला जहाजं देणारे इसाबेला आणि फर्डिनांड हे 'कॅथलिक राजे', 'रेयेस कातोलिकोस', म्हणजे 'आरआर. सीसी.' ही पदवी त्यांना पोप सहावा अलेक्झांडर याने १४९६ मध्ये दिली. 'रेयेस' म्हणजे शब्दशः 'राजे', पण त्यात एक राजा आणि एक राणी आहे. संस्कृत शिकलेल्यांना लगेच आठवेल, 'पितरौ' म्हणजे दोन बाप नव्हेत, आई आणि बाप. इथे मात्र हे अनेकवचन नुसतं व्याकरणाचं नव्हतं. ती कास्तीलची राणी स्वतःच्या हक्काने, तो अरागॉनचा राजा स्वतःच्या हक्काने. दोन राज्यं लग्नाने जवळ आली होती, पण कायदे आणि दरबार वेगळेच राहिले. दोन आर म्हणजे खरोखरच दोन गाद्या होत्या.

आपल्या ईई. यूयू.चीही कथा अशीच आहे. हे नाव फक्त याच देशाचं नाही. शेजारच्या मेक्सिकोचं अधिकृत नाव १८२४ च्या राज्यघटनेत आलं आणि १९१७ च्या, आज चालू असलेल्या राज्यघटनेतही आहे, ते 'एस्तादोस उनिदोस मेहिकानोस', मेक्सिकन संयुक्त राज्यं. २०१२ मध्ये अध्यक्ष काल्देरोन यांनी जाताजाता सुचवलं होतं की आता नुसतं 'मेक्सिको' करून टाकू, पण ते झालं नाही. कोलंबिया १८६३ ते १८८६ संयुक्त राज्यं होती, व्हेनेझुएला १८६४ ते १९५३. व्हेनेझुएलाच्या जुन्या पोस्टाच्या तिकिटांवर 'ईई. यूयू.' ही अक्षरं छापलेली आहेत, तिकिटं जमवणाऱ्यांनी बघावीत. त्या काळी केंद्राच्या बाजूचे आणि प्रांतांच्या बाजूचे यांच्यात लढाया होत, आणि कोण जिंकलं ते देशाच्या नावातलं अनेकवचन राहिलं की गेलं यावरून कळे. कोलंबियात केंद्रवाले जिंकले आणि १८८६ मध्ये राज्यांचे नुसते जिल्हे झाले.

इंग्रजीतही सुरुवातीला हा देश अनेकवचनीच होता. १७८७ च्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या करताना संयुक्त संस्थानांसाठी 'त्यांच्या'विरुद्ध असं सर्वनाम वापरलेलं आहे. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली, तिच्यातही 'त्यांच्या' अधिकारक्षेत्रात असंच आहे. नंतर हळू २ तो देश 'तो' झाला. स्पॅनिशमध्ये अजून दोन्ही चालतं. पुढे उपपद लावलं तर क्रियापद अनेकवचनी, न लावलं तर एकवचनी. मराठीत पंडिता रमाबाईंनी १८८९ च्या आपल्या पुस्तकाच्या नावात 'युनायटेड स्टेट्स' हेच घेतलं, आणि नंतर पाठ्यपुस्तकांतून 'संयुक्त संस्थाने' रूढ झालं. आपल्या आजोबांना 'संस्थान' म्हटलं की कोल्हापूर, सांगली, औंध दिसायचं, त्यामुळे अशी पन्नास संस्थानं एकत्र म्हणजे काय पसारा असेल, हा प्रश्न त्यांना पडला असल्यास नवल नाही.

विसाव्या शतकात ही जोडअक्षरं राजेरजवाड्यांकडून रस्त्यावर आली. स्पेनमध्ये जनरल फ्रँकोच्या राजवटीत सरकारी कामगार संघटना सोडून बाकी सगळ्यांवर बंदी होती. तेव्हा खाणीत, कारखान्यात कामगार आपल्यातले दोन-चार जण निवडायचे, ते मालकाशी बोलायचे आणि काम झालं की पांगायचे. अशा ठिकठिकाणच्या समित्या, 'कोमिसिओनेस ओब्रेरास', म्हणजे 'सीसी. ओओ.' एक संघटना असती तर तिचं कार्यालय मोडता आलं असतं, पण समित्या अनेक होत्या. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बेकायदेशीर ठरवल्या, तरी त्या चालूच राहिल्या. फ्रँको १९७५ मध्ये गेला. २४ जानेवारी १९७७ ला माद्रिदच्या आतोचा रस्त्यावरच्या कामगार-वकिलांच्या कचेरीत अतिउजव्या मारेकऱ्यांनी घुसून पाच जणांना गोळ्या घातल्या, आणि त्याच वर्षी वसंतात कामगार संघटनांना कायद्याने मान्यता मिळाली. आज सीसी. ओओ. ही स्पेनमधल्या सगळ्यात मोठ्या संघटनांपैकी एक आहे, पण नावात अजून अनेकवचन आहे.

आणि अर्जेंटिना. तिथे दोन जोड्या समोरासमोर उभ्या आहेत. 'एफएफ. एए.' म्हणजे 'फुएर्सास आर्मादास', सशस्त्र दलं, आणि 'डीडी. एचएच.' म्हणजे 'देरेचोस उमानोस', मानवी हक्क. २४ मार्च १९७६ ला भूदल, नौदल आणि हवाईदल या तिघांच्या प्रमुखांनी मिळून सत्ता घेतली. त्यानंतर माणसं घरातून, कामावरून, रस्त्यावरून उचलली जाऊ लागली आणि पुन्हा दिसेनाशी झाली. लष्करशाही गेल्यावर १९८४ मध्ये सरकारी चौकशी आयोगाने अशा ८,९६० बेपत्ता माणसांची नोंद केली. मानवी हक्कांच्या संघटना ३०,००० चा आकडा सांगतात.

यातली काही प्रेतं समुद्रकिनाऱ्याला लागली, काही गावच्या दफनभूमीत रात्री आणून पुरली गेली. नोंदवहीत त्यांच्यापुढे 'एन. एन.' लिहिलं जाई. स्पॅनिश नियम शिकलेल्या माणसाला हे अनेकवचन वाटेल. ते तसं नाही. हे लॅटिन 'नोमेन नेस्सिओ', 'नाव मला माहीत नाही', आणि लोकांच्या तोंडी 'निन्गुन नोंब्रे', नाव नाही. दोन वेगळे शब्द, आणि खड्ड्यात एकच माणूस. असे कितीही झाले तरी त्यांना 'लोस एन. एन.'च म्हणत, अक्षर वाढत नसे.

३० एप्रिल १९७७ ला चौदा आया ब्वेनोस आइरेसच्या प्लासा दे मायो चौकात आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारायला जमल्या. त्यांना एकत्र आणणारी बाई आसुसेना व्हिय्याफ्लोर. तिचा मुलगा आणि सून बेपत्ता होते. त्याच वर्षी १० डिसेंबरला तिलाही उचललं. त्याच आठवड्यात तिच्या बरोबरच्या आणखी दोन आयाही गेल्या होत्या. डिसेंबर संपायच्या आत दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर काही प्रेतं वाहत आली आणि ती खेनेराल लाव्हाय्ये गावच्या दफनभूमीत एन. एन. म्हणून पुरण्यात आली.

१९८५ मध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांवर खटला चालला आणि व्हिदेला व मासेरा यांना जन्मठेप झाली. त्याच्या आदल्या वर्षी क्लाइड स्नो नावाचे अमेरिकन हाडांचे तज्ज्ञ अर्जेंटिनात गेले होते आणि त्यांनी तिथल्या काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून हाडांवरून माणूस ओळखण्याचं काम शिकवलं. त्या विद्यार्थ्यांचं पथक पुढेही हेच काम करत राहिलं. २००५ मध्ये त्यांनी लाव्हाय्येच्या त्या एन. एन. खड्ड्यांतली हाडं तपासून सांगितलं, ही आसुसेना व्हिय्याफ्लोर, आणि या तिच्या दोन सोबतिणी. ८ डिसेंबर २००५ ला आसुसेनाच्या अस्थी प्लासा दे मायोमध्ये, चौकातल्या पिरॅमिडच्या पायथ्याशी, तिच्या नावाने पुरण्यात आल्या.